फतेचंदशेठ पुस्तक बोलकं करतात

पुस्तक बोलकं करायचं तर आधी त्याची पाठ कापावी लागते, हे फतेचंदशेठना कुणी सांगितलं नव्हतं. छापखानेवाल्या गोरखनेही सांगितलं नाही. त्याने ‘मोगऱ्याची शपथ’ ही कादंबरी हातात घेतली, उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, लग्नपत्रिका कापायच्या मशीनखाली सरकवली आणि एका दणक्यात तिचा कणा मोडला.

“अरे, अरे! काय केलंस हे?”

“पानं सुटी केल्याबिगर स्कॅनर खात न्हाई, शेठ,” गोरख शांतपणे म्हणाला. “आणि कडा बी लई खराब व्हत्या. त्या बी मारल्या. आता बघा, कसं नव्यावाणी दिसतंय.”

नव्यासारखं खरंच दिसत होतं. फक्त प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात जो आकडा असतो, तो कडेबरोबर जमिनीवर पडला होता. शेठ आणि गोरख दोघांनीही खाली त्या कपच्यांकडे पाहिलं. तेवढ्यात गेलेली लाइट आली.

जुन्नरच्या बाजारपेठेत लाइट जाते तेव्हा कुणी पंख्याचं बटण बंद करत नाही. ती परत येईल यावरची ती एक प्रकारची श्रद्धा असते. गोरखच्या दुकानातला पंखा या श्रद्धेने पाचावर ठेवलेला होता. तो गरगरला आणि ‘मोगऱ्याची शपथ’ आधी छतापर्यंत, मग दारातून बाहेर आणि मग भर बाजारात गेली. नायिका वसुधा भांड्यांच्या दुकानात शिरली, नायक श्रीरंग एका मोटारसायकलच्या चाकात अडकला, आणि खलनायक बराच वेळ गटाराच्या काठावर फडफडत होता. बांगड्यांच्या दुकानातल्या अंजनाबाई पदर खोचून धावल्या. पिंपरी पेंढारहून नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेले हौशीराम फतेचंदशेठच्याच दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसले होते, ते धोतर सावरत धावले. सगळ्यांनी मिळून पानं गोळा केली. एक पान मात्र एका शेळीने सर्वांच्या डोळ्यांदेखत, अजिबात घाई न करता, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत खाल्लं.

“कागद जुना आसंल,” हौशीराम तिच्याकडे बघत म्हणाले. “नवीन कागूद ती खात न्हाई.”

ही कादंबरी उगमबाईंची होती. उगमबाई म्हणजे फतेचंदशेठची पत्नी. दुपारचं आवरलं की खिडकीशी बसून चहा होईपर्यंत वाचायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. पुस्तकं अनेक येऊन गेली, पण ‘मोगऱ्याची शपथ’ दर वर्षी एकदा तरी व्हायचीच. फतेचंदशेठनी आयुष्यात कपड्यांच्या गाठींवरचे शिक्के आणि पेपरातला शोकसंदेशाचा रकाना सोडून काही वाचलं नव्हतं. बायकोच्या वाचनाला ते ‘तुझं ते’ म्हणत. “झालं का तुझं ते? चहा टाक.”

दिवाळीनंतर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की तुझं ते पुढे सरकत नाही. पुस्तक मांडीवर उघडं असे, चष्मा नाकावर असे, पण पान उलटत नसे. सून हर्षाच्याही ते लक्षात आलं होतं. डोळ्यांच्या शिबिराला जाऊन आल्यावर उगमबाईंनी घरात फक्त “वयाचं आहे म्हणाले” एवढंच सांगितलं. हर्षाने डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं, की पडद्याचा मधला भाग गेलाय, चष्म्याने आता फरक पडणार नाही. कडेकडेचं अंधुक दिसेल, अक्षर दिसणार नाही. हर्षा एकदा हळूच म्हणाली, “बाई, मी वाचून दाखवू का?” त्यावर उगमबाई अशा काही “मला काय झालंय?” म्हणाल्या, की हर्षाने पुन्हा विषय काढला नाही.

पण मोबाईल पुस्तक वाचून दाखवतो, हे हर्षानेच सासऱ्यांना सांगितलं. “नुसता फोटो काढून चालत नाही हं, पप्पा. आधी पान स्कॅन करायचं, मग त्या चित्रातून अक्षरं काढायची. मशीन चुका करतं, त्या आपण सुधारायच्या. प्रकरणांची नावं वेगळी दाखवायची, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट तिथं जाता येतं. आणि चित्रं असतील तर त्यांत काय आहे तेही शब्दांत लिहायचं.”

“आठ दिवसांचं काम,” शेठ म्हणाले. ज्या माणसाला काम कधी करायचं नसतं, त्याच्याच तोंडी हे वाक्य येतं. पण शेठना ते खरोखरच करायचं होतं, म्हणून ते आणखी गोत्यात आले.

पहिला प्रश्न, पुस्तक घरातून न्यायचं कसं. शेठनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक काढून घेतलं आणि तसंच कव्हर घालून त्या जागी सुरतेच्या साड्यांचा जुना कॅटलॉग ठेवला. दुपारी उगमबाई तो मांडीवर घेऊन चहा होईपर्यंत बसल्या. शेठ दाराआडून पाहत होते. आपली युक्ती जमली याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. उलट त्यांना खाली दुकानात जाऊन उगीचच एका गिऱ्हाइकावर ओरडावंसं वाटलं, आणि ते ओरडलेही.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत घर जेवायला बसलं. उगमबाईंनी वाटीत कढी वाढली आणि विचारलं, “माझं पुस्तक कुठं आहे?”

“तुझ्याच तर मांडीवर होतं.”

“ते पुस्तक नव्हतं. त्याची पानं गुळगुळीत होती.”

हर्षाने ताटात मान घातली. शेठनी कढीचा भुरका मारला आणि सुचेल ते बोलून गेले. “मी घेतलंय. वाचायला.”

मांजराने उपास धरलाय असं कळल्यावर घर जसं गप्प होतं, तसं घर गप्प झालं.

“तुम्ही?” उगमबाई म्हणाल्या. मग कढीचा डाव खाली ठेवत, “बरं. मग कुठपर्यंत आलात, ते रोज सांगायचं.”

आता शेठची पंचाईत झाली. पानांना आकडे नव्हते. सगळी पानं गोरखने ‘हाती येतील तशी’ स्कॅन केली होती. ती ओळीने लावायची तर कादंबरी वाचून लावावी लागणार होती, आणि वाचायची तर ओळीने लावलेली हवी होती. हर्षाने दुकानातल्या गल्ल्याशेजारी लॅपटॉप मांडून दिला. तिथं बसून फतेचंदशेठ आयुष्यातली पहिली कादंबरी वाचू लागले, तीही मधूनच.

“श्रीरंग मेला,” त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं.

“इतक्यात?”

“गेला बिचारा. नंतर उठून चहा प्यायला.”

“अहो, चहा आधी आहे! मामांकडे चहा पितो, मग बोट उलटते, मग तो मेला असं सगळ्यांना वाटतं. कसं वाचताय तुम्ही? मधमाशीसारखं या पानावरून त्या पानावर?”

शेठनी खिशातला कागद काढून लिहून घेतलं. चहा, बोट, मरण. दुसऱ्या दिवशी तीन पानं जागेवर बसली. मग हाच रिवाज पडला. दिवसभर शेठ तुकडे वाचत आणि संध्याकाळी बायकोपुढे गोंधळ मांडत. ती कपाळाला हात लावून तो गोंधळ ओळीने लावून देई. “वसुधा हवेली सोडून गेली.” “पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?” “टांग्यातून.” “मग पहिल्यांदा. दुसऱ्यांदा मोटारीतून जाते.” पोळ्या गार होत. हर्षा कौतुकाने बघत राही. पन्नास वर्षांच्या संसारात या दोघांचं जेवताना मिठाखेरीज कशावर एवढं बोलणं झालेलं तिने तरी ऐकलं नव्हतं.

पानं लागली, पण अक्षरं लागेनात. मशीनला ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक मान्य नव्हता. त्यामुळे बहीण भावाला हाक मारते त्या करुण प्रसंगी वसुधा “माऊ! माऊ! मला सोडून जाऊ नकोस!” असं ओरडत होती, आणि श्रीरंग हवेलीच्या आडावर पाणी ‘मरत’ होता. हे सगळं शेठ मोठ्याने वाचत. डोळ्याने वाचलेलं त्यांना पटत नसे, कानाने ऐकलेलं पटे. परिणाम असा झाला, की दुकानात गिऱ्हाईक कापडापेक्षा कादंबरीला बसू लागलं. बस्ता कधीच बांधून झाला होता, तरी हौशीराम दर बाजारी येत. साक्षात बोट उलटत असताना कुणी ब्लाउजपीस मागितलं तर अंजनाबाई त्या बाईवर डोळे वटारत.

“‘श्रीरंगला उमगले, की आपले भरण जवळ आले आहे,’” शेठनी वाचलं.

“म्हंजी लाइट आली आसंल,” हौशीराम लगेच म्हणाले. “आमच्याकडं बी पिकाला पाण्याचं भरणं जवळ आलं का धाकधूकच व्हती. मोटार उचलती का न्हाई, कोण सांगावं.”

“‘मरण’ असेल हो ते.”

“आसंल. पर भरणं बी बसतंय.”

त्याहून मोठा वाद झाला तो पानाच्या डोक्यावरच्या नावाचा. छापताना प्रत्येक पानावर वर ‘मोगऱ्याची शपथ’ असं पुस्तकाचं नाव येतं. वाचणारा त्यावरून नजर पुढे नेतो, पण मशीन ते इमानाने मजकुरात घालतं. त्यामुळे दर पानाआड कुणीतरी वाक्याच्या मधोमध शपथ घेत होतं. वसुधा म्हणे, “श्रीरंग, मी तुझ्याशिवाय मोगऱ्याची शपथ जगू शकत नाही!”

“वा!” हौशीरामांनी मांडीवर थाप मारली. “लई जोरात शपथ घेती राव बाई.”

“हे काढायचं असतं,” शेठ म्हणाले. हर्षाने तसं बजावलं होतं.

“का म्हून? चांगलं वाटतंय की,” अंजनाबाई म्हणाल्या. “जीव आहे त्याच्यात.”

“पण पुढं बघा. ‘मामांनी धोतर वाळत मोगऱ्याची शपथ घातले.’”

मग ठराव झाला, की प्रेमाच्या ठिकाणी राहू द्यावं, धोतराच्या ठिकाणी काढावं. हर्षाने संध्याकाळी येऊन सगळीच काढली. अंजनाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

चित्रांचा प्रश्न आला तेव्हा मात्र शेठ खुलले. गोष्टीतलं त्यांना कळत नव्हतं, पण चित्रांत माणसं होती आणि माणसांच्या अंगावर कपडे होते. त्यांनी लिहिलं, ‘चित्र. वसुधा जिन्यात उभी आहे. अंगावर व्हॉइलची साडी, काठ दोन बोटं. पदर उजव्या खांद्यावर आहे. म्हणजे एकतर ती आमच्याकडची, मारवाडी आहे, किंवा चित्रकार आरशात बघून काढत होता.’ पुढे, ‘चित्र. डॉक्टर दारात. कोट खांद्यात ढिला आहे, बाही आखूड. हा कोट त्याच्या मापाचा नाही.’

आणखी एका चित्रात वसुधा तळ्यातून नखशिखांत भिजून बाहेर येत होती. चित्रकाराने त्या ठिकाणी बरीच मेहनत घेतली होती. शेठनी लॅपटॉप भिंतीकडे वळवला. तरी गोरख आला, भांडीवाला आला, समोरचा सोनारही काही काम नसताना आला. प्रत्येकाने काय लिहावं ते सुचवलं, आणि प्रत्येकाचं ऐकून शेठचे कान तापले. हे घरात बायकोला ऐकायचं होतं, सुनेसमोर. शेवटी सगळ्यांना घालवून त्यांनी एका बोटाने टाइप केलं, ‘चित्र. वसुधा भिजली आहे. कापड चांगलं आहे. रंग गेलेला नाही.’

आता राहिलं शेळीने खाल्लेलं पान. दुर्दैवाने ते शेवटून दुसरं होतं. श्रीरंग परत येतो आणि वसुधेशी जे काय बोलतो ते त्याच पानावर होतं. शेठनी जेवताना चाचपून पाहिलं. “शेवटी तो नेमकं काय म्हणतो गं?”

“वाचा की,” उगमबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं. “ते सांगायचं नसतं.”

दुसरी प्रत शोधताना कळलं, की ती कळंबला एका छोट्या वाचनालयात आहे. हौशीरामांची मोटारसायकल होती आणि हौशीरामांना कादंबरीचा शेवट कळायला हवा होता. दोघे नारायणगावमार्गे कळंबला पोचले. तिथले ग्रंथपाल कुंडलिकराव फार सज्जन गृहस्थ होते. नियम ही त्यांची एकुलती एक करमणूक होती.

“पुस्तक आहे. पण सभासदालाच मिळेल. सभासद गावातलाच हवा.”

“एका पानाचा फोटो काढू?”

“फोटो, झेरॉक्स, उतारा, तिन्हीला कमिटीचा ठराव लागतो. कमिटी गुढीपाडव्याला बसते.” मग शेठचा चेहरा पाहून ते विरघळले. “हां, अंध वाचकासाठी असेल तर सवलत आहे. दाखला आणा, आत्ता देतो.”

दाखला आणायचा तर उगमबाईंना सरकारी दवाखान्यात नेऊन, रांगेत उभं करून, चार लोकांत म्हणवून घ्यावं लागणार होतं, की मला दिसत नाही. ज्या बाईने ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं, ती शिपायाला सांगणार?

“अंध कोणी नाही,” शेठ म्हणाले. “माझी बायको हल्ली वाचत नाही, एवढंच.”

“वाचत नाही तर मग पुस्तक कशाला?” कुंडलिकराव म्हणाले. त्यात तर्काची काही चूक नव्हती.

हौशीरामांनी घसा खाकरला. “साहेब, हितं बसून वाचलं तर?”

“अवश्य! त्यासाठीच तर वाचनालय आहे.”

हौशीराम शेठच्या कानाशी लागले. “आर्धं तुमी पाठ करा, आर्धं मी. आमी भजनात एवढाले अभंग म्हणतो, एक पान म्हंजी काय!”

अशा रीतीने एक कापडव्यापारी आणि एक बागायतदार, दोघेही सत्तरीतले, शाळेतल्या बाकासारख्या बाकावर पुढेमागे डुलत पान घोकू लागले. वरचा भाग शेठचा, खालचा हौशीरामांचा. कुंडलिकरावांनी दोघांना पाणी आणून दिलं. घोकायला त्यांच्याकडे मनाई नव्हती.

पाठ झाल्याबरोबर दोघे निघाले. “आता जुन्नर येईस्तोवर एक शब्द बोलायचा न्हाई,” हौशीरामांनी बजावलं. “बोललं की सांडलं.” मोटारसायकलवर दोघांचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. नारायणगावात टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता अडला. तिथं नेमकं शेठचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, भागू नावाचं.

“राम राम शेठ! इकडं कुठं?”

शेठनी मान हलवली. ओठ हलतच होते.

“शेठ? बरं हाय ना?”

शेठनी डोळे मिटून हात जोडले. ‘या उंबरठ्यावर’पर्यंत ते आले होते आणि पुढचं निसटायला लागलं होतं. भागूने हौशीरामांकडे पाहिलं. त्यांचेही ओठ हलत होते, आणि डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी धुळीचं होतं. पण भागूने हिशेब केला. शेठची वाचा गेली, आणि बरोबरचा माणूस देवाचं नाव घेत त्यांना घरी पोचवतोय. त्याने लगेच जुन्नरला फोन लावला.

मोटारसायकलपेक्षा फोन पुढे गेला. दोघे बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकानासमोर गर्दी होती. गोरख रिक्षा घेऊन उभा होता, “पुण्याला न्यायचं की नाशिकला?” यावर भांडीवाला आणि सोनार भांडत होते. अंजनाबाई रडत होत्या. शेठ गाडीवरून उतरले. त्यांना काहीच समजलं नाही, आणि विचारायला तोंड उघडलं असतं तर श्रीरंग वाहून गेला असता. त्यांनी नुसतेच हात हलवले. ते पाहून गर्दीतून “अरेरे!” असा एक सुस्कारा निघाला.

मग जिन्याच्या दारातून उगमबाई आल्या. चष्मा नव्हता, पायांत चप्पल नव्हती. दोन्ही हात पुढे धरून त्या धडपडत आल्या, पायरी चुकली, हर्षाने सावरलं. “कुठं आहेत? अहो, कुठं आहात?” शेठ पुढ्यात दोन हातांच्या अंतरावर उभे होते. उगमबाईंच्या हाताला आधी भांडीवाला लागला, मग शेठ लागले. त्यांनी शेठचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि बोटांनी तोंड चाचपलं, ओठ वाकडा झालाय का, गाल लोंबतोय का. सगळा बाजार ते पाहत होता. या बाईला दिसत नाही, हे त्या क्षणी सगळ्या गल्लीला कळलं. पण उगमबाईंना त्याचं भान नव्हतं.

“बोला ना काहीतरी! बोला!”

आता शेठना बोलणं भाग होतं. पण त्यांच्या तोंडात एकच गोष्ट भरलेली होती. ती बाहेर आल्याखेरीज दुसरा शब्द निघणार नव्हता. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि पाढे म्हणावेत तशा एका सुरात, मोठ्याने सुरुवात केली.

“‘वसुधा, मी आलो आहे. जगाने मला मेलेला मानले, पण तू मानले नाहीस, म्हणून मी जिवंत राहिलो. या उंबरठ्यावर तू मला हाक मारलीस, आणि बुडालेल्या माणसाला किनारा दिसावा तसा तुझा आवाज मला दिसला. आता मला कुठेही जायचे नाही. तू आहेस तेथेच माझे गाव!’”

एका स्कूटरवाल्याने इंजिन बंद केलं. उगमबाईंचे हात शेठच्या गालांवर तसेच होते.

“लिहून घे, हर्षा, लिहून घे!” शेठ ओरडले. “हौशीरामभाऊ, तुमचं काढा लवकर!”

हौशीरामांनी कानावर हात ठेवला आणि भजनाच्या चालीत आपला भाग सोडला. “‘वसुधा म्हणली, श्रीरंगा, मला ठावं व्हतं. लोकं लई बोलली, पर म्या कुणाचं आयकलं न्हाई. चल घरात. पाय धू. च्या टाकते!’”

अंजनाबाईंनी हुंदका दिला आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. गोरखने रिक्षा परत पाठवली.

उगमबाईंनी हात खाली घेतले. मग म्हणाल्या, “‘तुझा आवाज मला ऐकू आला’ असं आहे. ‘दिसला’ नाही. दिसायचा कसा आवाज?”

“तसंच आहे. मी वाचलंय.”

“मी पन्नास वेळा वाचलंय.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” शेठ म्हणाले, आणि हे कादंबरीविषयी नव्हतं हे त्यांचं त्यांनाही बोलल्यावर कळलं.

उगमबाईंनी पदर सारखा केला. “सगळे मला सांभाळायला लागले असते,” त्या हळू म्हणाल्या. “बाजूला सरा, ते राहू द्या, चुलीशी जाऊ नका. सून चांगली आहे, म्हणून जास्तच भीती.” हर्षा रडायला लागली. तशी उगमबाई म्हणाल्या, “रडतेस काय? पाय भाजतायत माझे. चप्पल आण.”

दोन दिवसांनी पुस्तक तयार झालं. उगमबाई खिडकीशी बसल्या. हर्षाने त्यांच्या हातात मोबाईल दिला, कुठं बोट ठेवलं की वाचतं, कसं दोनदा टेकवलं की थांबतं, कसं पुढच्या प्रकरणावर जायचं, ते दाखवलं. मोबाईलमधल्या बाईने स्वच्छ, जराशा हिंदी वळणाच्या मराठीत सुरुवात केली. खाली दुकानात फतेचंदशेठना कापड मोजता येईना. तीनदा मीटर चुकल्यावर ते वर आले आणि दाराशी उभे राहिले. पाठोपाठ अंजनाबाई, गोरख आणि कादंबरीचे इतर जाणकार जिन्यात जमले.

पहिल्या प्रकरणात काही झालं नाही. दुसऱ्यात बाई म्हणाली, “माऊ! माऊ! मला सोडून जाऊ नकोस!”

“राहिलं वाटतं एक,” शेठ पुटपुटले.

उगमबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, हुंदके दिल्यासारख्या हसल्या. “असू द्या ते. काढू नका. पुढं?”

पुढं चित्र आलं. मग दुसरं चित्र आलं. डॉक्टरच्या कोटाची बाही ऐकताच जिन्यातून अंजनाबाई ओरडल्या, “म्हंजी हा डॉक्टर खोटा? हे तर शेवटाला कळायचं व्हतं! शेठ, तुमी सगळं फोडलं की राव!”

“मी काय फोडलं? कोट मापाचा नव्हता, तो मी लिहिला!”

“चित्रकाराने पन्नास वर्षं लपवलं, ते यांनी एका बाहीत काढलं,” उगमबाई म्हणाल्या. त्या खूश होत्या. तळ्याचं चित्र आलं तेव्हा शेठ हळूच जिना उतरू लागले होते, पण मोबाईलने गाठलंच. ‘कापड चांगलं आहे. रंग गेलेला नाही.’ वरून जे हसू फुटलं ते समोरच्या सोनाराच्या दुकानात ऐकू गेलं.

चहाच्या वेळेला उगमबाईंनी स्वतः मोबाईल थांबवला. सगळे खाली गेले. हर्षा आत चहा टाकत होती. शेठ खिडकीत बायकोसमोर बसले.

“चित्रांतलं तुम्हीच लिहिलंत ना?”

“हर्षाने शुद्धलेखन बघितलं.”

“पन्नास वर्षं दुकानातून माझ्यासाठी साडी आणताय. कधी माझ्या अंगावर इतकी निरखून बघितली नाहीत.” मग उजव्या बाजूचा पदर हातात घेऊन, रस्त्याकडे तोंड करून म्हणाल्या, “सकाळी कपाटातून हाताला आली ती नेसले. कुठली आहे ते मला कळत नाही. सांगा.”

शेठनी चष्मा पुसला. खुर्ची थोडी पुढे ओढली.

“कोटा आहे. चौकडा बारीक. रंग आपल्या दुकानात ‘तोतयी’ म्हणतात तो, पोपटाच्या मानेवरचा असतो ना, तसा. काठ जांभळा. धुऊन धुऊन मऊ झालीय, पण अंगावर बसलीय छान.” ते प्रामाणिक व्यापारी होते. “ब्लाउज मात्र लाल आहे. गडद लाल. अजिबात जात नाही.”

“लाल?” उगमबाई ताडकन उभ्या राहिल्या. “सकाळपासून लाल ब्लाउज घालून बसलेय मी? सगळ्या गल्लीसमोर? अंजना आली, सोनार आला, आणि तुम्ही आत्ता सांगताय?”

“तू आत्ता विचारलंस!”

“यापुढं रोज सकाळी सांगायचं. मी विचारायची वाट बघायची नाही. आणि पुढचं पुस्तक कुठलं करायचं तेही मीच सांगणार,” असं म्हणत, भिंतीला हात लावत, उगमबाई ब्लाउज बदलायला आत गेल्या.